घासाला हुकूम करणारा राजा

एक होता राजा, पण एवढासा! सात वर्षांचा. नाव मानाजी. हसू नका, राजे लहानही असतात. त्याचे बाबा एका रात्री देवाघरी गेले, तेव्हा हा शेजारी गाढ झोपला होता. मग त्याच्या मनानं घेतलं, मी झोपलो म्हणूनच असं झालं. बिचारं पोर!

मग त्यानं वनदेवीकडे वर मागितला. "माझ्या हुकमाशिवाय माझ्या अंगातलं काहीसुद्धा चालू नये." देवीनं दिला. श्वास नि काळजाचे ठोके तेवढे वगळले, शहाणी होती ती.

दुपारी राजा जेवायला बसला. पहिला घास घशातच अडला. राजानं मनात हुकूम केला, "खाली उतर!" तेव्हा उतरला. मग पोटात जाऊन गप्प पडला. "घुसळ!" म्हटल्यावर पोट घुसळू लागलं. मग घास आतड्यात अडला. आतडं केवढं लांब असतं, बरं का! आपण परकराची नाडी ओवतो ना, मागून दाबत, पुढे सरकवत, तसं त्याला वीतवीत सांगावं लागे. "दाब, सरक. दाब, सरक." खेळायला जायची सोय नाही. जरा डोळा लागला की घास थांबे नि पोटात कळ येई. शेवटी त्यानं जेवणच सोडलं. वाळून पार काडी झाला.

त्याला सांभाळायची त्याची गोदाआत्या. तिचा जीव तुटायचा. मग तिनं त्याला कडेवर घेतलं नि देवीकडे नेलं.

देवी म्हणाली, "वर परत घेते. पण घास खाऊन झोपायचं. पहारा करत बसलास, तर हुकूम तुलाच करावा लागेल."

मानाजीनं मऊभाताचा घास खाल्ला. आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. डोळे मात्र टक्क उघडे.

"आत्या, मी झोपलो नि काही झालं तर?"

"काय व्हायचंय रे?"

"बाबांना झालं तसं."

आत्याला भडभडून आलं. "बाळा, तू जागा असतास तरी दादा गेलाच असता. तुझ्या झोपेनं काही झालं नाही."

मग पोर हमसून हमसून रडलं. रडता रडता झोपलं. आणि आत, कुणी न सांगता, घास निघाला. दाब, सरक. दाब, सरक. पोट गुरगुरलं. आत्यानं कान लावून ऐकलं नि डोळे पुसले.

जागा झाल्यावर राजा पहिलं काय म्हणाला? "आत्या, भूक लागली!"

मग ती दोघं सुखानं जेवली, सुखानं राहिली. तुमच्या पोटातली खिचडीही निघालीय आपल्या वाटेनं. तिला तुमचा पहारा नको. मिटा बरं डोळे.