कुंभाराची ठिपक्यांची कोंबडी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत. चाक, भट्टी आणि परसात चार कोंबड्या, एवढाच त्यांचा संसार.

एका दुपारी परसात कलकलाट झाला. कुंभारीण धावत गेली. मुंगसाने ठिपक्यांच्या कोंबडीची पाठ धरली होती. तिने आरडाओरडा केला तसं मुंगूस पळालं, पण पाठीवरची तळहाताएवढी कातडी सोलवटून निघाली होती आणि एक पंख लोंबत होता.

कुंभार म्हणाला, "ही काही वाचत नाही. आजच कापून टाकू."

"दोन दिवस बघू की," कुंभारीण म्हणाली.

तिने मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, हळद लावली. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचा मारतात, म्हणून तिला घरात वेगळ्या डालग्याखाली ठेवलं. माशा बसू नयेत म्हणून वरून पातळ फडकं टाकलं.

तिसऱ्या दिवशी कोंबडीने दाण्याला तोंड लावलं नाही. डोळे मिटून ती कलंडून पडली. कुंभार सुरी घेऊन आला.

"अगं, तिचे हाल कशाला करतेस?"

कुंभारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण खरंच हिला छळतोय का, हे तिलाही कळेना. तिने चमच्याने चोचीपाशी पाणी नेलं. चोच किंचित उघडली.

"अहो, ती पाणी पितेय. जोवर पितेय, तोवर मी पाजणार."

कुंभार सुरी ठेवून परत चाकाकडे गेला.

विसाव्या दिवशी कुंभारीण मडकी घेऊन बाजाराला गेली. हळद लावायचं काम कुंभारावर आलं. त्याने कुरकुरतच फडकं उचललं आणि तो तिथेच खाली बसला.

जखम चिंचोक्याएवढी उरली होती. चहूबाजूंनी गुलाबी नवी कातडी सरकत आली होती, आणि तिच्यातून भाताच्या कोंबासारखी पिसांची निळसर टोकं वर येत होती.

संध्याकाळी कुंभारीण परतली, तर चाकावरची माती वाळून गेलेली.

"अहो, काम का थांबलं?"

"इकडे ये," तो हळूच म्हणाला. "माझ्या मडक्याला तडा गेला तर मला तो बुजवता येत नाही. इथे तर तडा आपला आपण मिटतोय. आत बसून हे कोण घडवतंय गं?"

"मला तरी कुठे ठाऊक? मी नुसत्या माशा हाकलत होते."

महिन्याभराने कोंबडी परसात उतरली. एक पंख थोडा खालीच राहिला. बाकीच्या कोंबड्या तिला टोचू नयेत म्हणून पहिले दोन दिवस कुंभार स्वतः काठी घेऊन राखणीला बसला.

शेजाऱ्याने विचारलं, "औषध कोणतं केलंत?"

कुंभार म्हणाला, "हळद हिची. बाकीचं कोणी केलं, ते अजून कळलेलं नाही."

तात्पर्य: जखम भरून आणणं आपल्या हातात नसतं, ती भरेपर्यंत सोबत न सोडणं मात्र आपल्याच हातात असतं.