नरहरचा हात

"हात मागे का धरलायस, नरहर?"

"काही नाही, बुवा. सहजच."

कातळबुवा गरम पाण्याच्या कुंडापासून थोड्या अंतरावर, झाडाखालच्या खडकावर बसले होते. इथला हा सगळा काळा कातळ कधीकाळी आगीचा रस होता म्हणतात. कुंडातलं पाणी अजून उकळतं. तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून आत सोडायची, शिजली की वर ओढायची, ही इथली रीत. बुवांचं जेवण तेवढंच.

नरहर त्यांचा जुना शिष्य. इतकी वर्षं बुवा त्याच्याच हातचा भात खात आले. आणि आज सकाळी, काल-परवा आलेल्या भिवाला ते म्हणाले, "आज तुझ्या हातचा खाईन हो."

एवढंच. पण नरहरच्या अंगाचा तिळपापड झाला. आज भात गेला, उद्या बुवांशेजारची जागाही जाईल, मग आपल्याला कोण विचारतंय? भिवाला तो आल्या दिवसापासून पाण्यात पाहत होता. आज तर तो नकोसाच झाला.

तेवढ्यात कुंडाकडून भिवा धावत आला. हातात ओलं, रिकामं फडकं.

"बुवा, घात झाला! माझा सगळा भात कुंडात सांडला. गाठच सैल राहिली असणार. गाढव आहे मी."

त्याचे डोळे भरून आले होते. नरहरने ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

"तुझा झाला?" बुवांनी नरहरला विचारलं.

"झाला, बुवा. छान मोकळा झालाय. वाढू?"

"वर कसा काढलास?"

"दोरीनं. नेहमीसारखा."

"मग हात कशानं भाजला?"

नरहरने हात पुढे केला. मनगटापर्यंत लालभडक. बोटांवर फोड आले होते.

"अरे देवा!" भिवा पुढे धावला. "नरहरदादा, माझी पुरचुंडी वाचवायला हात घातलात होय?"

नरहरने बुवांकडे पाहिलं. बुवा कुंडाच्या वाफेकडे बघत होते.

हो म्हणणं किती सोपं होतं. पण भिवाच्या पुरचुंडीची गाठ पाण्याखाली याच बोटांनी सोडली होती.

भिवाने तेच रिकामं फडकं गार पाण्यात भिजवलं आणि त्याच्या हाताला हळूच गुंडाळलं.

बुवांनी नरहरची पुरचुंडी पत्रावळीवर सोडली. पत्रावळ नरहरपुढे सरकवली.

"जेव."

"बुवा, हा तुमच्यासाठी..."

"जेव. भिवा, त्याला भरव. त्याचा उजवा हात बांधलाय."

भिवाने घास केला, फुंकर घातली आणि त्याच्या तोंडाजवळ नेला.

नरहरने मान फिरवली. त्याला रडू आवरेना.

"भात तुझाच आहे, नरहर," बुवा म्हणाले. "हात तेवढा त्याचा."