मानाजी नाइकांची परवानगी

सरदार रायाजीरावांच्या गुप्त मंडळात कोण कोण आहे, हे शिंप्याच्या गोजराला कळलं आणि तिला गढीवरच डांबून ठेवायचं ठरलं. राणीसाहेबांची गादी उलथवायला निघालेलं आमचं मंडळ. त्यासाठी काळे बुरखे हवे होते. बुरख्याला माप लागतं आणि माप द्यायला तोंड दाखवावं लागतं, हे एकाही कारस्थान्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर पहारेप्रमुख. उलट माप देताना मी तिला "नाकापाशी जरा सैल ठेव" असंही बजावलं होतं.

घरी सोडा म्हणून गोजराने हट्ट धरला. सरदारांना पैजेचा भारी नाद. सगळ्या मंडळासमोर त्यांनी शब्द दिला, की दिवस मावळायच्या आत मानाजी नाइकाने दारात स्वतःच्या तोंडाने परवानगी दिली, तर ती मोकळी. नाही तर जन्मभर इथेच बुरखे शिवायचे.

मानाजी नाईक म्हणजे मीच. परवलीचा शब्द विसरले म्हणून मी खुद्द सरदारांनाही दुपारभर उन्हात उभं केलं होतं. मिशीला पीळ देत मी दारात जाऊन उभा राहिलो.

ऊन उतरलं, तशी गोजरा बोचकं काखोटीला मारून आली. ना रडली, ना पाया पडली.

"जाते मी, मानाजीकाका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हल्लीच्या पोरींना वळण कसलं ते नाहीच. "अगं, निघताना 'जाते' म्हणतात का? येते म्हणावं."

"चुकलं, काका. येते."

"हं. ये. सांभाळून ये."

शिपायांना शिस्त मीच लावलेली. माझा शब्द ऐकताच त्यांनी अडसर काढला.

सज्जातून सरदार ओरडले, "थांबा! तो 'ये' म्हणाला, 'जा' कुठे म्हणाला? 'ये' म्हणजे आत ये."

गोजरा उंबऱ्यावरच वळली. "सरदार, मी तर आतच उभी होते. आतल्या माणसाला कुणी आत बोलावतं का? तुमचे पहारेप्रमुख काय इतके खुळे आहेत?"

सगळं मंडळ माझ्याकडे बघू लागलं. खुळा म्हणावं तर नोकरी जाणार, शहाणा म्हणावं तर पोरगी.

"मुळीच नाही," मी घाईघाईने म्हणालो.

सरदार कठडा धरून हसत सुटले. एवढ्या हुशार पोरीला पायी कसं धाडायचं, म्हणाले, आणि तिथल्या तिथे तिला घोडा बक्षीस दिला.

घोडा माझा होता.