पुढची सभा भरेपर्यंत

एक होतं जंगल. आमचंच. त्यात एक सिंह होता आणि तो रीतसर निवडून आलेला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बाहेरची पाखरं उगाच काहीबाही बोलतात.

सिंहाला आम्ही आबासाहेब म्हणायचो. आबासाहेबांनी कुणालाही जागेवर नेमायचं तर वडाखालच्या सभेची मंजुरी घ्यायची, असा कायदा होता. सभा भरली आहे की नाही, हे ठरवायची रीतही ठरलेली. सभापती नारोपंत कासव खडकावर बसत. त्यांची मान बाहेर दिसली की सभा सुरू, मान आत गेली की तहकूब. पुरामुळे सभासदांना येता आलं नाही तर कामं अडू नयेत म्हणून पूर्वजांनी एक पोटनियमही केला होता. सभा भरलेली नसेल तेव्हा राजाने हंगामी नेमणूक करावी आणि ती पुढची सभा भरेपर्यंत चालावी. पूर्वज भले होते. त्यांनी आबासाहेबांना पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी पाणवठ्याचा रखवालदार, म्हातारा बगळा, वारला. आबासाहेबांनी त्या जागेसाठी मगरबाईंचं नाव पाठवलं. पाण्याचा दांडगा अनुभव, असं शिफारशीत लिहिलं होतं. सभेत चंद्री हरिणी उभी राहिली. तिचं पाडस नुकतंच पाण्यावर यायला लागलं होतं. बगळेबुवा होते तेव्हा तुम्ही काय खात होता, एवढंच तिने मगरबाईंना विचारलं. मगरबाई म्हणाल्या की हा खासगी प्रश्न आहे, आणि रडल्या. सभेने नाव फेटाळलं. तेच नाव आणखी दोनदा आलं, तेही फेटाळलं. आम्हाला आमचाच फार अभिमान वाटला.

आबासाहेबांना तपकिरीची सवय होती. चौथ्या सभेत त्यांनी चिमूटभर ओढली आणि असे शिंकले की वडावरची वटवाघळं खाली पडली. नारोपंत दचकले. मान आत.

चिटणीस होता साळिंदर. पाठीवर लेखण्या असल्यामुळे हे पद त्याच्या घराण्यातच चालत आलेलं. तो घसा खाकरून म्हणाला, "आबासाहेब, मान दिसत नाही. म्हणजे सध्या सभा भरलेली नाही."

नारोपंत बाहेर डोकावेपर्यंत मगरबाई हंगामी रखवालदार झाल्या होत्या. मान बाहेर आली की पुढची सभा भरणार आणि नेमणूक संपणार, म्हणून मान दिसताच आबासाहेब पुन्हा शिंकले आणि मान आत जाताच नेमणूक नव्याने लिहिली गेली. त्या दुपारी ते सत्तावीस वेळा शिंकले. दोन शिंकांच्या मध्ये वाया जाणारा वेळ त्यांना बघवेना, म्हणून लांडगा मेंढी कल्याण खात्यावर गेला, वाळवी दप्तरखान्यावर गेली आणि रानडुकराकडे स्वच्छता आली. तपकीर पुरवणाऱ्या माकडाला आरोग्य मिळालं. साळिंदराच्या पाठीवरच्या निम्म्या लेखण्या झिजल्या.

संध्याकाळी आबासाहेबांनी भाषण केलं. ते म्हणाले की काही मंडळींना जंगलाची प्रगती बघवत नाही, आणि मी स्वतःसाठी कधीच शिंकलो नाही. दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर घोषणा लागली: 'शिंक आबांची, भरभराट रानाची.'

चंद्री मात्र भाषणाला थांबली नाही. ती नारोपंतांच्या घरी गेली.

"काका, मान बाहेर ठेवा," ती म्हणाली. "माझं पोर रोज त्या पाण्याला जातं."

"मला भीती वाटते गं," नारोपंत म्हणाले. "मान आपोआप आत जाते."

मग चंद्रीने त्यांची तालीम घेतली. नऊ दिवस ती त्यांच्या कानाशी खूर आपटत राहिली. पहिल्या दिवशी नारोपंत आत गेले ते जेवायलाच बाहेर आले. नवव्या दिवशी ते नुसते डोळे मिटून थरथरले. या नऊ दिवसांत पाडसाला तिने दवावर जगवलं.

दहाव्या दिवशी सभा भरली. आबासाहेब शिंकले. मान बाहेरच. पुन्हा शिंकले. मान बाहेरच. अकरा शिंका झाल्या, डबी संपली, आबासाहेबांच्या मिशा ओल्या झाल्या, तरी नारोपंत डोळे घट्ट मिटून मान ताणून बसलेले. चंद्री रडत होती. साळिंदराने नाइलाजाने कागद काढला आणि सगळ्या हंगामी नेमणुका संपल्याचं वाचायला सुरुवात केली.

तेवढ्यात आबासाहेब उठून उभे राहिले.

"असा निर्भय सभापती या जंगलाने पाहिला नाही," ते म्हणाले. "यांचा सत्कार इथेच, आत्ताच झाला पाहिजे."

नारळ आला. शाल आली. शाल हत्तीच्या मापाची होती. आबासाहेबांनी ती दोन्ही पंजांनी उलगडली आणि नारोपंतांच्या अंगावर घातली. सत्कार म्हटला की आमचे हात आपोआप उठतात. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चंद्रीनेसुद्धा दोन वाजवल्या, मग ती थबकली.

साळिंदराने वाचन थांबवलं. मान दिसत नाही, असं तो हळूच म्हणाला.

चंद्री शाल ओढायला धावली, तेव्हा तिला आम्हीच अडवलं. सत्कारमूर्तीच्या अंगावरची शाल ओढायची म्हणजे काय! साळिंदराने लगेच नियम सांगितला, की सन्मान परत घ्यायचा तर सभेचा ठराव लागतो. शालीखाली ऊब होती आणि नऊ दिवसांचा शीण होता. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू आलं.

पाडसाची तहान आता दवाने भागेना. चंद्री त्याला घेऊन पाण्यावर गेली, तेव्हा मगरबाई फार अदबीने वागल्या. त्या म्हणाल्या, घाबरू नका, मी हंगामी आहे. चंद्री एकटी परत आली.

तिने तक्रार दिली. साळिंदराने ती उभ्या उभ्या लिहून घेतली आणि सभेपुढे ठेवू म्हणून सांगितलं. सभा कुठे आहे, असं चंद्रीने विचारलं. त्याने अदबीने शालीकडे बोट दाखवलं.

ती रोज येऊन शालीसमोर खूर आपटते. तिच्याकडे बघायची मला लाज वाटते, म्हणून मी तेव्हा दुसरीकडे बघतो.

आबासाहेब दर वर्षी त्याच दिवशी न चुकता येतात आणि जुन्या शालीवर नवी शाल घालतात. आम्ही टाळ्या वाजवतो.