गिरणी आमची, लॅपटॉप परका

“ह्यो लॅपटॉप आपल्यातला न्हाई!” भूपालअण्णा मगदूम एवढ्या जोरात गरजले, की कस्तुरीच्या कपातला चहा बशीत आला.

अण्णा म्हणजे सूतगिरणीचे मालक. गिरणीत सत्तावीस कॉम्प्युटर, सगळे विंडोजवर चालणारे आणि सगळे एकमेकांना जोडलेले. हे जाळं सांभाळायला आठ महिन्यांपूर्वी कस्तुरी कोष्टीला कच्च्या नोकरीवर घेतलं होतं. “लॅपटॉप तुझा तूच आण,” असंही अण्णांनीच बजावलं होतं. खर्चाच्या बाबतीत अण्णांचा हात सढळ, फक्त खिसा दुसऱ्याचा हवा! कस्तुरीनं कॉलेजातला जुना लॅपटॉप आणला. त्यावर विंडोजऐवजी होतं लिनक्स. आज नोकरी पक्की व्हायचा दिवस, आणि नेमकं आजच अण्णांनी तिच्या पडद्यात डोकावून पाहिलं.

“ह्यात ते खिडकीचं चित्र कुठाय?”

“नाही अण्णा. याची रीत वेगळी आहे.”

“रीत येगळी, मग आपल्या कॉम्प्युटरांशी ह्याचं जमतंय कसं?”

“आठ महिने झाले, चांगलं जमतंय की!”

एखादी गोष्ट आपल्याला न विचारता आठ महिने सुरळीत चालावी, याच्याइतका राग अण्णांना दुसऱ्या कशाचाच येत नसे. ते खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसले.

“मला शिकवतीस? मग बघूच! एका तासात, ह्या खुर्चीवरनं न उठता, सत्तावीसच्या सत्तावीस कॉम्प्युटरांवर माझा फेट्यातला फोटो लावून दाखव. पण ऐक! आपलं विंडोज तुझ्या लॅपटॉपात शिरता कामा नये, आणि तुझं ते लिनक्स आपल्या एकाबी कॉम्प्युटरात शिरता कामा नये. जमलं तर नोकरी पक्की. न्हाईतर लॅपटॉप उचल आणि घरचा रस्ता धर!”

गिरणीतली एकेक वायर कस्तुरीनं स्वतः, शिडीवर चढून ओढली होती. हे जाळं दुसऱ्याच्या हाती द्यायचं, या विचारानंच तिला रडू येत होतं. पण रडायला वेळ होता कुठे? ती कामाला लागली.

टिकटिक, टिकटिक. तिच्या पडद्यात आणखी एक पडदा उघडला. मग तो मिटला, दुसरा उघडला. अर्ध्या तासातच अण्णांचा फोन वाजू लागला. पहिला फोन गोदामातल्या बेंद्रेकाकांचा.

“अण्णा, घात झाला! माउसला मी हात न्हाई लावला. बाण आपोआप फिरला आणि तुमी फेटा बांधून समोर हजर! मी उठून उभाच राहिलोय!”

पुढचे फोनही तसेच. सत्तावीसही ठिकाणी अण्णा झळकले. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. पण हरले ते अण्णा कसले! त्यांनी लॅपटॉपवर बोट आपटलं. पडद्यावर गोदामातला कॉम्प्युटर जसाच्या तसा दिसत होता.

“सापडलीस! आपलं विंडोज तुझ्या लॅपटॉपात शिरलं!”

“नाही अण्णा, ते गोदामातच आहे. इथं नुसता त्याचा चेहरा दिसतोय.”

“मग तुझं लिनक्स तिकडं गेलं आसंल!”

“तेही इथंच आहे.”

“मला खुळ्यात काढतीस? हुकूम देणारा आणि हुकूम ऐकणारा, दोघांची भाषा येकच पाहिजे. कोण तरी कुणात तरी शिरल्याबिगर हुकूम चालतच न्हाई! अट मोडली. नोकरी गेली!”

कस्तुरीनं लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घातला. जाता जाता तिनं केबिनच्या काचेतून खाली पाहिलं आणि ती थबकली.

“जाते अण्णा. पण चार नंबरच्या मशिनवर सूत सारखं तुटतंय. तेवढं बंद करायला सांगा.”

सूत म्हटल्यावर अण्णांचा जीव खालीवर झाला. त्यांनी काच सरकवली आणि खाली उभ्या असलेल्या कालंदी मुकादमाला हाक मारली. “कालंदी! चार नंबर बंद करा म्हणावं त्यांना!” ओडिशातून येऊन पंधरा वर्षं इथं मुरलेला कालंदी गर्रकन वळला आणि आपल्या गावच्या कामगारांना ओडियात ओरडून काहीतरी म्हणाला. चार नंबर थांबलं.

“अण्णा,” कस्तुरी म्हणाली, “चला, आता तुम्हीही घरचा रस्ता धरा!”

“म्हंजे?”

“तुम्हाला ओडिया येतं?”

“येक अक्षर न्हाई.”

“आणि त्या कामगारांना मराठी?”

“कालच आल्यात ती. त्यांना कुठली मराठी!”

“मग हुकूम चालला कसा? तुम्ही ओडिशात शिरलात, का ते मगदुमांच्या घरात शिरले?”

“आगं, मधी मुकादम हाय की!” अण्णा उसळून म्हणाले. आणि आपण काय बोलून गेलो हे कळताच त्यांनी जीभ चावली.

“माझ्या लॅपटॉपातही असाच एक प्रोग्रॅम मुकादम म्हणून ठेवलाय, अण्णा! माझं त्यांना सांगतो, त्यांचं मला दाखवतो. कुणी कुणाच्या घरात पाय ठेवत नाही. शिवाय तुमच्या मुकादमासारखा दर तासाला तंबाखू मळायला जात नाही!”

अण्णांचं पोट आधी हललं, मग मिश्या, आणि मग असा गडगडाट झाला की मशिनच्या खडखडाटातही तो खाली ऐकू गेला. डोळे पुसत त्यांनी कस्तुरीच्या नोकरीच्या पत्रावर सही ठोकली.

“पक्की! आणि गिरणीच्या खर्चानं नवा लॅपटॉप घे. आजच्या आज!”

बेंद्रेकाकांना हे कळलं असतं तर ते पुन्हा उठून उभे राहिले असते.

“कुठला घेऊ, अण्णा? विंडोजचा का लिनक्सचा?”

“मला काय इचारतीस पोरी? कालंदीला मी कधी इचारलंय का, ओडियात कसा ओरडतोस म्हणून!”