आडवं कोण आलं?

एका खेळात एक दरी होती आणि त्या दरीत एक घोरपड राहत होती. खेळ शूरवीरांचा होता. बाहेर मित्रमंडळी फासे टाकत बसायची आणि आत त्यांचे वीर तलवारी परजत रानोमाळ हिंडायचे. पुढे काय घडणार हे एकटा सूत्रधार सांगायचा. तो दिसायचा नाही. त्याचा आवाज तेवढा आभाळातून यायचा आणि तो म्हणेल तसं घडायचं.

या खेळाचा एक कायदा होता. वाटेत जे आडवं येईल, त्यालाच मारायचं. ऐकायला किती न्यायाचं, नाही का? म्हणून सूत्रधार दर वेळी आधी गर्जायचा, "घोरपड आडवी आली!" नाव पुकारलं की जनावराने बाहेर यायचं, फुत्कारायचं आणि मरायचं, अशी तिथली रीत. घोरपड बिचारी यायची. नवशिके वीर तिच्यावर हात साफ करून घ्यायचे आणि शौर्याची एक पायरी वर चढायचे. मग तिचं वारूळ खणून आतलं माणिक काढायचे, हातांची माती झटकायचे आणि शीळ घालत पुढे जायचे.

डाव नव्याने मांडला की घोरपड पुन्हा जिवंत व्हायची. माणिकही वारुळात पुन्हा असायचं. पण त्याच वारुळात घोरपड दर डावात नवी अंडी घालायची. ती कुदळीखाली फुटायची आणि फुटली ती फुटलीच. सूत्रधाराच्या बोलण्यात अंड्यांचा उल्लेख कधी आलाच नव्हता, मग ती परत कशी येणार? इतके डाव झाले, पण घोरपडीने आपलं एकही पिल्लू पाहिलं नव्हतं.

एका डावात मात्र वीर वाटेतल्या धर्मशाळेत रेंगाळले. खाणंपिणं झालं, मग बढाया सुरू झाल्या, आणि बढायांना काय तोटा! तेवढ्या सवडीत इकडे अंडी उबली. घोरपडीने वारुळाला कान लावला तर आतून बारीक टकटक ऐकू आली. तिचं काळीज सुपाएवढं झालं.

आणि नेमकी तेव्हाच दरीच्या तोंडाशी पावलं वाजली.

"जा बाई पटकन बाहेर," शेजारचं म्हातारं अस्वल म्हणालं. "एक घाव सोसायचा, झालं. पुढच्या डावात आहेसच की तू परत."

"मी असेन हो. ही नसतील."

"अगं, पण सूत्रधाराशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?"

"वाकडं कशाला घेऊ? सरळच बोलणार आहे मी."

असं म्हणून ती वारुळाच्या तोंडावर पसरली आणि चारही पायांची नखं तिने शेजारच्या खडकात रोवली. घोरपडीची पकड ती! एकदा बसली की बसली.

"घोरपड आडवी आली!" आभाळातून गर्जना झाली.

पण त्याचा शब्द पहिल्यांदाच खोटा ठरला, घोरपड जागची हलली नाही. तलवारवाला वीर तलवार उपसून वाटेवर उभा राहिला आणि इकडेतिकडे बघू लागला. त्याच्यामागे एक तिरंदाज मुलगी होती. "वाटेत तर काहीच नाही," ती म्हणाली.

"मी इथे आहे," घोरपड म्हणाली. "माझ्या घरावर. वाट तुमच्या पायाखाली आहे आणि चांगली मोकळी आहे."

तलवारवाला गोंधळला. "अगं, पण तू आडवी यायला हवीस! त्याशिवाय मला मारता येत नाही."

"मग नका मारू."

"मग मी वरची पायरी चढू कशी?"

"ते मला काय विचारता? माझ्या मढ्यावर पाय देऊनच चढायचं, असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

सूत्रधार खवळला. "ए घोरपडे! मी म्हटलं आलीस, म्हणजे आलीस!"

"नाही आले!" घोरपड मान उंच करून म्हणाली. "मी इथलीच. माझं घर इथे, माझी अंडी इथे. कुदळी घेऊन हे आलेत माझ्या दारात. जरा खाली वाकून नीट बघा आणि मग बोला. आडवं कोण आलं?"

सूत्रधाराला असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग अडचणीत सापडलेले मोठे लोक करतात तेच त्याने केलं. "पुसून टाकीन तुला!" तो ओरडला. "मग कुठल्याच डावात नसशील!"

"पुसा. पण पुसून झालं की यांना खरं सांगा. घोरपड घरात बसली होती, तरी पुसली, असं सांगा."

आणि त्याने खरोखरच पुसायला सुरुवात केली. शेपटीचं टोक नाहीसं झालं. मग अर्धी शेपटी गेली. घोरपडीच्या डोळ्यांत पाणी आलं, फार दुखत होतं तिला. पण नखं काही सुटली नाहीत. पोटाखाली टकटक चालूच होती.

"थांबा!" तिरंदाज मुलीने धनुष्य खाली टाकलं. "ती खरं बोलतेय. तिला पुसलंत तर मी खेळणार नाही."

"आणि माझं माणिक?" तलवारवाला कुरकुरला.

"खड्ड्यात गेलं तुझं माणिक!"

पुसणं थांबलं. वीरच निघून गेले तर गर्जायचं कुणासमोर, हे सूत्रधाराला कळत होतं. पण घोरपडीने त्याला तेवढ्यावर सोडलं नाही.

"आता बरोबर सांगा," ती म्हणाली.

आभाळातून पडेल आवाजात शब्द आले, "वीर... घोरपडीला आडवे आले."

झालं! तो म्हणेल तसं घडायचं, आणि जे आडवं येईल त्यालाच मारायचं, हा तर कायदाच होता. तलवारवाल्याच्या हातातून तलवार गळून पडली. घोरपडीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"कायद्याने आता मी तुम्हाला मारायचं," ती म्हणाली. "पण मला कुठली पायरी चढायची नाही. निघा इथून. माझी पिल्लं बाहेर येताहेत."

वीर निघाले. तलवारवाला तर धावतच सुटला. घोरपडीने खडकातली नखं सोडवली, ती बाजूला झाली, आणि वारुळाच्या तोंडातून एक इवलंसं डोकं बाहेर आलं.

तात्पर्य: आपल्या दारात शस्त्र घेऊन आलेला जर आपल्यालाच 'आडवी आलीस' म्हणाला, तर भिऊन वाट देऊ नये. आधी त्याचा शब्द त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावा.