जोडीनं चालणाऱ्या सायकली

एकदा एक दूधगाडी चालवणारी बाई सकाळी आपल्या म्हाताऱ्या उस्तादांच्या अंगणात आली आणि ते 'बस' म्हणायच्या आतच म्हणाली, "उस्ताद, माझं कुणी खरं मानत नाही. अख्ख्या वस्तीत एक माणूस नाही."

उस्तादांनी शांतपणे चूळ भरली. जन्मभर ट्रक चालवून थकलेला हा माणूस. याच माणसानं तिला गाडी शिकवली होती. नवरा गेल्यावर दारात नुसती उभी राहिलेली पिकअप तिनं चालवायला घेतली, तेव्हा हसणारे पुष्कळ होते, शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसणारा हा एकटाच. म्हणून ती त्यांना गुरूच्या जागी मानत असे, आणि गुरूशी भांडायचा हक्कही आपलाच समजत असे.

"काय खरं मानत नाहीत, हौसे?"

"माझी गाडी त्या पोरीला लागली नाही. शिवलीसुद्धा नाही."

हकिकत अशी होती. वरच्या वस्तीतल्या मुली रोज सकाळी सायकलींवरून खालच्या गावातल्या शाळेत जात. त्याच वेळी हौसा वस्तीवरचं दूध भरून त्याच रस्त्यानं डेअरीकडे उतरत असे. दूध ऊन व्हायच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर नासतं. मुलींना कसली घाई? त्या दोघी-दोघी, कधी तिघी, गप्पा हाणत रस्ता भरून चालत. हौसा खिडकीतून डोकं काढून ओरडे, "रस्ता काय आईबापानं आंदण दिलाय का गं?" पोरी खिदळत. शेवटी एक दिवस ती शाळेत जाऊन हेडमास्तरांपुढं बसली, आणि सायकलींनी एकामागं एकच चालायचं असा नियम करवून घेऊनच उठली.

नियम झाला. पोरी मुकाट रांगेत चालू लागल्या. आणि गेल्या आठवड्यात, ओढ्यावरच्या मोरीच्या वळणाच्या अलीकडे, हौसा त्या रांगेला मागं टाकत निघाली असताना समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. तिनं गाडी झटकन डावीकडे घेतली. त्यासरशी तेजल नावाची मुलगी सायकलीसकट रस्त्याकडेच्या चारीत कोसळली. मनगट मोडलं.

तेव्हापासून वस्तीतल्या बायांनी हौसाला दूध घालणं बंद केलं होतं. तेजलची आई पारूबाई सगळ्यांत पुढं. "जिनं माझी पोर पाडली, तिच्या कॅनात माझ्या म्हशीचा थेंब जाणार नाही," असं ती चारचौघींत बोलली होती. गाडी रिकामी उतरत होती, आणि हे असंच चाललं तर डेअरी ती फेरी दुसऱ्या कुणाला तरी देणार हे उघड होतं. मग हौसानं खायचं काय?

"सगळं नियमात होतं, उस्ताद. पोरी एका रांगेत होत्या. मी हॉर्न दिला होता. मग हे झालंच कसं? रात्रंदिवस विचार करतेय, डोकं नुसतं गरगरतंय."

"गाडी लागली नाही, हे मला पटलं," उस्ताद म्हणाले.

हौसाला वाटलं आता रडू येईल. आलं नाही, तिला ती सवय नव्हती. "मग वस्तीत येऊन तेवढं सांगा."

"सांगतो. आधी उद्या तुझ्या गाडीत बसतो."

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या तोंडाशी उस्ताद गाडीतून उतरले आणि सायकली घेऊन उभ्या असलेल्या मुलींजवळ गेले. "पोरींनो, आज दोघी-दोघी चाला. कडेला चिकटायचं नाही. आपल्या अर्ध्या रस्त्यात ऐसपैस."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, "हेडसर रागावतील, आजोबा."

"त्यांना मी काल भेटून आलोय."

"आणि मावशी?" तिनं हनुवटीनंच गाडीकडे दाखवलं. "त्या सरांच्या वरताण आहेत."

"तिला मी बघतो. पण तिघी नाही हं. तिसरीनं मागं राहायचं, तिच्या वाटच्या गप्पा शाळेत. आणि गाडी आली की शेवटच्या दोघींनी हाक द्यायची, ती पुढच्यांनी पुढं पोचवायची."

हौसा हे सगळं ऐकत होती आणि तिचा पारा चढत होता. ज्या माणसाला आपण बाजू घ्यायला आणलं, तो आपल्याच मुळावर उठला की काय? उस्ताद वर चढून बसले तशी ती म्हणाली, "मी घसा फोडून जे करून घेतलं, ते तुम्ही एका वाक्यात मोडलंत. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चालव."

मुली जोडी-जोडीनं उताराला लागल्या. हौसाची गाडी मागून आली. "गाडी..." अशी हाक शेवटून पहिल्या जोडीपर्यंत गेली. हौसाचा हात सवयीनं हॉर्नकडे गेला; उस्तादांनी तो अलगद बाजूला केला.

"त्यांना कळायला नको?"

"कळलंय. आता दचकवू नको. मान वळली की हँडलही वळतं."

पुढं घुसायला जागा शोधावी तर जागाच नव्हती. हौसा चरफडत मागं राहिली. मोरीजवळ समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस लोंबत असलेला. हौसाचा पाय ब्रेककडे गेला. पण करायचं काय होतं? काहीच नाही. ती आपल्या बाजूला होती, मुली आपल्या बाजूला, ट्रॅक्टर त्याच्या बाजूला. पाचट उडवत तो निघून गेला. एकही सायकल हलली नाही.

वळण संपलं, सरळ रस्ता दूरवर मोकळा दिसला. "आता," उस्ताद म्हणाले. हौसानं गाडी पूर्ण पलीकडच्या अंगाला घेतली आणि बघता बघता पुढं निघाली. तिनं आरशात पाहिलं. सगळ्या मुली मागं होत्या.

"संपल्या?" ती गोंधळून म्हणाली.

"तेवढ्याच आहेत. गावातल्या आणखी आणायच्या काय?"

तिनं गाडी कडेला उभी केली. उस्ताद सावकाश बोलू लागले.

"हौसे, एकामागं एक चालल्या की रांग लांब होते. ओलांडता ओलांडता वळण येतं, रांग संपत नाही. शिवाय शेजारी थोडी जागा उरल्यासारखी दिसते. ती जागा फसवी. तीत गाडी मावते, पण सायकलीचं डुलणं मावत नाही. सायकल खडा चुकवते, वाऱ्यानं हलते. तिला हातभर मोकळीक लागतेच. जोडीनं चालल्या की घुसायचा मोहच होत नाही. थांबावं लागतं, आणि जायचं तेव्हा पलीकडून पुरतं जावं लागतं. रांगही निम्मी. तू त्यांना वाटेतली अडचण धरून चाललीस. त्याही तुझ्यासारख्याच कामाला निघालेल्या आहेत."

हौसा म्हणाली, "मी नियम त्यांच्या भल्यासाठीच मागितला होता."

"म्हणूनच चूक त्यातच आहे हे तुला उमगत नव्हतं."

"आणि तो ट्रॅक्टर?"

"तो त्याच्या बाजूनं आला. रोज येतो. त्या दिवशी तुझ्या एका अंगाला लोखंड होतं, दुसऱ्या अंगाला पोरी. जे मऊ होतं तिकडे तू वळलीस." उस्तादांनी वस्तीच्या दिशेनं हात केला. "चल आता वस्तीत. गाडी लागली नाही, हे मी देवाशपथ सांगतो. तेवढं पुरेल ना तुला?"

हौसानं गाडी वळवली.

पारूबाईच्या ओसरीवर तेजल बाजेवर बसली होती. हाताच्या प्लॅस्टरवर मैत्रिणींनी पेनानं फुलं काढली होती. पारूबाई दारातच आडवी आली. "कशाला आलीस?"

उस्ताद पुढं झाले. "पारूबाई, हिची गाडी पोरीला लागली नाही. मी खात्रीनं सांगतो."

"बरं. नसेल लागली. मग माझी पोर काय हौसेनं पडली? मी कुणाला धरू? ट्रॅक्टरवाल्याला? मास्तरला? का तिच्या सायकलीला? मला एक नाव सांगा, मग घालते दूध."

ट्रॅक्टरवाल्याचं नाव हौसाच्या जिभेवर होतं. गेले कितीतरी दिवस ते तिथंच होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिनं तेजलकडे पाहिलं. पोर चांगला हात वाईट हातावर झाकून, अंग चोरून, बाजेच्या कडेला सरकली होती. बाज अख्खी मोकळी होती.

"गाडी लागली नाही, हे खरंच आहे," हौसा म्हणाली. "पण पोरींना रांगेत घालून कडेला ढकलणारी आणि त्याच रांगेला खेटून घुसणारी, बाई एकच."

"तिचं नाव घे," पारूबाई म्हणाली.

"हौसा."